घरासमोर पडून असलेली गाडी संस्थेला द्यायचीय? सांगली-साताऱ्यात हे असं करा

दारात उभी असलेली जुनी गाडी एखाद्या चांगल्या संस्थेला द्यावी असं बऱ्याच जणांच्या मनात असतं. दसरा-दिवाळीला नवीन गाडी घरात आली की हा विषय निघतोच, कारण एक्स्चेंजला शोरूमवाला जुन्या गाडीची इतकी कमी किंमत सांगतो की घरातले म्हणतात त्यापेक्षा वृद्धाश्रमाला दिली तर कुणाचं तरी भलं होईल. विचार चांगलाच आहे. मी इथल्या एका संस्थेच्या गाड्यांचं बघतो, म्हणजे इन्शुरन्स, आरटीओ, गॅरेज सगळंच, त्यामुळे दिलेल्या गाडीचं पुढे काय होतं ते घेणाऱ्याच्या बाजूनं रोज दिसतं आणि त्यातूनच हे लिहितोय, पहिल्यांदाच गाडी देणाऱ्यांसाठी.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. किल्ली दिली म्हणजे गाडी दिली असं होत नाही, आरसीवर, म्हणजे गाडीच्या रजिस्ट्रेशन सर्टिफिकेटवर, संस्थेचं नाव चढलं की मगच गाडी दिली. तोवर कायद्यानं मालक तुम्हीच. २०१८ मधे सुप्रीम कोर्टानं हे अगदी स्पष्ट सांगितलंय, त्या केसमधली गाडी विकली जाऊन पुढे दोन-तीन हातात गेली होती पण आरसीवर नाव पहिल्याच माणसाचं राहिलं होतं, अपघात झाला आणि नुकसानभरपाईची जबाबदारी आरसीवरच्या नावाच्या माणसावर आली. तुम्ही गाडी विकलीय का दान केलीय यानं त्यात काही फरक पडत नाही. त्यामुळे "राहू दे हो, ओळखीचीच संस्था आहे, नावाचं बघू नंतर" हे अजिबात करायचं नाही, आणि यात संस्थेवर अविश्वास दाखवल्यासारखं होईल असंही वाटून घ्यायचं नाही. चांगली संस्था स्वतःच म्हणते आधी नाव लावा.

आता सुरुवात कुठून करायची. आधी गाडीकडे नीट बघा आणि स्वतःला विचारा की ही गाडी मी माझ्या आईला घेऊन मिरजेला दवाखान्यात जायला वापरेन का. उत्तर नाही असेल तर ती गाडी जशीच्या तशी संस्थेला देऊ नका. हे थोडं कडक वाटेल पण संस्थेच्या गाडीत बसणारी माणसं हीच असतात, डायलिसिसला न्यायचे आजोबा, गुडघे न वाकणाऱ्या आजी, रात्री दोनला ताप चढलेलं लेकरू. ब्रेक, टायर आणि बॅटरी या तीन गोष्टी धड नसतील तर संस्थेला पहिल्याच महिन्यात खर्चाचा दणका बसतो, आणि तो पैसा जेवणाच्या नाहीतर औषधाच्या खात्यातून जातो. त्यात गाडी चालो न चालो, रस्त्यावर काढायची तर इन्शुरन्स दरवर्षी भरायलाच लागतो, २०२२ ला ठरलेल्या दरानं हजार सीसीच्या आतल्या गाडीचा नुसता थर्ड पार्टी २,०९४ रुपये आणि हजार ते पंधराशे सीसीचा ३,४१६, वर जीएसटी वेगळा.

कुठली गाडी कामाला येते तेही सांगतो. वॅगनआर, ईको, ओम्नी, बोलेरो असल्या उंच बसायच्या गाड्या संस्थांना आवडतात कारण म्हाताऱ्या माणसाला खाली वाकून सीटमधे शिरायला लागत नाही, सेडान दिसायला भारी पण त्यातून आजींना बाहेर काढताना दोघंजण लागतात. पार्ट मिळणारी गाडी पाहिजे. ओम्नी २०१९ ला बंद झाली तरी तिचे पार्ट कुठल्याही गॅरेजला मिळतात, पण शेवरोलेनं २०१७ ला इथली विक्री थांबवली, त्या गाड्यांचा एखादा पार्ट शोधायला किती फिरायला लागतं ते ज्यांच्याकडे आहे त्यांना विचारा. आणि संस्था कुठं आहे ते बघा, सांगली-मिरज-कुपवाडच्या सपाट रस्त्यावर जी गाडी अजून आरामात पळते तीच पाटण नाहीतर जावळीतल्या संस्थेला दिली तर घाटात पाच माणसं बसवून क्लच जळायला वेळ लागणार नाही.

सांगलीकरांसाठी एक वेगळी गोष्ट. २०१९ च्या ऑगस्टमधे आणि परत २०२१ च्या जुलैमधे कृष्णेचं पाणी कुठवर आलं होतं ते आपल्याला माहीत आहे, त्या पाण्यात उभ्या राहिलेल्या कितीतरी गाड्या धुऊन पुसून अजून फिरतायत. तुमची गाडी पुरात बुडालेली असेल तर संस्थेला तसं स्पष्ट सांगा, लपवू नका, आणि संस्थेवाले वाचत असतील तर त्यांनी हे तपासा: पुढचा सीट बेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. एरवी आत गुंडाळून राहणारा शेवटचा हातभर पट्टा बाहेर येतो आणि त्याच्यावर गाळाची पिवळट रेघ दिसली की समजायचं पाणी सीटच्या वर गेलेलं होतं. पॉलिश करणारा सगळं धुतो, बेल्टचं हे टोक त्याच्या लक्षात राहत नाही. मग कार्पेट उचलून सीटचे बोल्ट बघा, स्टेपनीच्या खड्ड्यात हात घाला. पुरातल्या गाडीचं वायरिंग दोन पावसाळ्यांनंतर कधी दगा देईल सांगता येत नाही, पेशंट नेणाऱ्या गाडीला हे परवडत नाही.

गाडीचं वय आरसीवर बघा. प्रायव्हेट गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं असतं, त्यानंतर फॉर्म २५ भरून, गाडी आरटीओला दाखवून रिन्यू करायला लागतं आणि आपल्याकडे वर पर्यावरण कर. २०२२ पासून कारची रिन्यूअल फी ५,००० झालीय आणि २० वर्षांवरच्या कारला २०२५ मधे ती १०,००० केलीय, रिन्यूअलला उशीर केला तर महिन्याला ५०० रुपये दंड वेगळा. तुमची गाडी १४ वर्षांची असेल तर तुम्ही दान नाही, एका वर्षानं येणारं बिल देताय. द्यायचीच असेल तर रिन्यू करून द्या, म्हणजे पुढची पाच वर्षं संस्थेला ताप नाही. आणि ग्रामपंचायत, नगरपालिका नाहीतर सरकारी दवाखान्याला जुनी गाडी द्यायचा विचार असेल तर थांबा, सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या १५ वर्षांवरच्या गाड्यांचं रजिस्ट्रेशन १ एप्रिल २०२३ पासून रिन्यूच होत नाही, त्यामुळे ती त्यांच्या दारात नुसती गंजत उभी राहील.

हे सगळं बघून गाडी द्यायच्या लायकीची वाटली तर संस्थेला फोन करा, आणि "गाडी देतोय" असं सांगायच्या आधी "तुम्हाला गाडी पाहिजे का" असं विचारा. संस्थेवाले भिडेखातर नाही म्हणत नाहीत, देणाऱ्याचं मन मोडायला त्यांना जड जातं, म्हणून तुम्हीच विचारा की ड्रायव्हर आहे का, लावायला जागा आहे का, डिझेल-पेट्रोलचं कसं करणार. समोरचा घुटमळला तर समजून घ्या.

संस्था खरी आहे का हे बघणं अवघड नाही. महाराष्ट्रात सार्वजनिक ट्रस्टची नोंद १९५० च्या विश्वस्त कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे होते आणि आपल्या जिल्ह्यासाठी त्यांचं ऑफिस सांगलीत पण आहे आणि साताऱ्यात पण. संस्थेच्या लेटरहेडवर नोंदणी नंबर असतो, तो घ्या, सर्टिफिकेटची झेरॉक्स मागा, संस्थेच्या नावाचं पॅन कार्ड आहे का विचारा. अध्यक्षांच्या स्वतःच्या नावावर गाडी लावू का असं कोणी विचारलं तर सरळ नाही म्हणायचं, माणूस कितीही चांगला असला तरी उद्या त्याच्या माघारी ती गाडी वारसांची होते, संस्थेची नाही. गाडी ट्रस्टच्याच नावावर, आणि त्यासाठी विश्वस्तांच्या मिटिंगचा ठराव पाहिजे, त्यात गाडीचा नंबर, गाडी दान म्हणून स्वीकारत आहोत हे वाक्य आणि आरटीओत सह्या कोण करणार त्याचं नाव.

आता कागदं, आणि गाडं खरं अडतं ते इथंच.

पहिल्यांदा आरसीवर खाली बोजा, म्हणजे लोनची नोंद, आहे का बघा. लोन फिटून दहा वर्षं झाली तरी बँकेचं नाव तसंच असतं, कारण नुसतं लोन फेडून ते निघत नाही, बँकेची एनओसी म्हणजे ना हरकत दाखला आणि फॉर्म ३५ आरटीओत द्यायला लागतो. आपल्या भागात पतसंस्था आणि सहकारी बँकांची लोनं भरपूर, त्यातल्या काही दुसऱ्या बँकेत विलीन झाल्या, काही बंद पडल्या. विलीन झाली असेल तर आताच्या बँकेकडून एनओसी घ्यायची, बंद पडून अवसायनात निघाली असेल तर अवसायकाकडून, म्हणजे तिचा हिशोब मिटवायला नेमलेल्या अधिकाऱ्याकडून. वेळ लागतो, म्हणून हे काम पहिलं हातात घ्या.

मग ऑनलाईन चलान बघा, पेंडिंग असतील ती भरून टाका. पीयूसी चालू पाहिजे, इन्शुरन्स चालू पाहिजे, आणि गाडी १ एप्रिल २०१९ च्या आधीची असेल तर एचएसआरपी म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवलेली पाहिजे, ती नसेल तर आरटीओ ट्रान्सफरचं काम पुढे घेत नाही, कारला ७४५ रुपये अधिक जीएसटी असा दर आहे. आरसीला जोडलेला मोबाईल नंबर तुमच्याकडे चालू आहे का तेही आत्ताच बघा, ओटीपी त्याच नंबरला जातो आणि जुनं सीमकार्ड कधीच फेकून दिलेलं असतं. गॅसकिट बसवलेलं असेल तर त्याची नोंद आरसीवर आहे का बघा, सीएनजीच्या टाकीची दर तीन वर्षांनी टेस्ट लागते, तो कागद पण काढून ठेवा.

यानंतर खरा ट्रान्सफर. परिवहनच्या वेबसाईटवर गाडीच्या नंबरावरून अर्ज भरायचा. फॉर्म २९ देणाऱ्याचा, त्याच्या दोन प्रती, फॉर्म ३० दोघांचा. कायदा सांगतो की देणाऱ्यानं १४ दिवसात कळवायचं आणि घेणाऱ्यानं ३० दिवसात. सोबत ओरिजिनल आरसी, इन्शुरन्स, पीयूसी, तुमचं पॅन-आधार, ट्रस्टचं नोंदणी सर्टिफिकेट, ट्रस्टचं पॅन, ठराव आणि संस्थेच्या पत्त्याचा पुरावा. फॉर्मवर चेसिस नंबरची पेन्सिल प्रिंट लागते, त्यासाठी बॉनेट उघडून नंबर कोरलेला असतो ती जागा फडक्यानं पुसून घ्या, वर पातळ पांढरा कागद दाबून धरा आणि पेन्सिल आडवी धरून हलक्या हातानं घासा, आकडे पांढरे उमटतात. वीस वर्षांचं ग्रीस साचलेलं असेल तर आधी थोड्या डिझेलनं पुसा. एकदम दोन-तीन प्रिंट काढून ठेवा. गंजामुळे नंबर वाचताच येत नसेल तर तसंच पुढे ढकलू नका, आधी आरटीओत जाऊन विचारा.

तुमची गाडी एमएच-१० सांगलीची आणि संस्था साताऱ्याच्या एमएच-११ नाहीतर कराडच्या एमएच-५० च्या हद्दीतली असेल तर फॉर्म २८ ची एनओसी कशी घ्यायची ते दोन्हीकडे विचारून घ्या. मालक संस्था होणार असल्यामुळे टॅक्समधे काही फरक भरायला लागतो का हे पण अर्ज करायच्या आधीच काउंटरला विचारा, आणि ती रक्कम कोण भरणार ते संस्थेशी बोलून ठेवा. माझं म्हणणं असंय की ट्रान्सफरचा खर्च देणाऱ्यानंच करावा. मूळ सरकारी फी काहीशे रुपयांचीच असते, एजंट धरला तर त्याचे वेगळे, पण गाडी देतोय तर तेवढं पण द्यावं.

आता सगळ्यात जास्त अडणारी केस. गाडी वडिलांच्या नाहीतर आजोबांच्या नावावर, ते आता नाहीत, आणि त्यांच्या आठवणीत ती गाडी संस्थेला द्यावी असं सगळ्या घराला वाटतंय. भावना मोठी आहे, पण गेलेल्या माणसाच्या नावावरून थेट ट्रस्टच्या नावावर गाडी जात नाही. आधी वारसाच्या नावावर करायची, त्याला फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला, आणि बाकीच्या वारसांचं हरकत नाही म्हणून प्रतिज्ञापत्र. पुण्यातली बहीण, मुंबईतला भाऊ, सगळ्यांच्या सह्या लागतात, म्हणून गणपतीला नाहीतर गावच्या यात्रेला सगळे जमले की तेव्हाच उरकून घ्या. आणि आरसीवर नॉमिनी लावायची सोय २०२१ पासून झालीय, घरातल्या बाकीच्या गाड्यांना आजच लावून टाका, मागच्यांचे हाल वाचतात.

ट्रान्सफरचा अर्ज गेला की शक्यतो नवीन आरसी येईपर्यंत गाडी तुमच्याच दारात ठेवा. अगदीच अडचण असेल आणि आधी द्यायला लागली तर डिलिव्हरीचा कागद करा, साधाच चालतो, त्यात तारीख आणि वेळ लिहा, वेळ मात्र नक्की लिहा, सकाळी अकरा दहा तर अकरा दहा, कारण अपघात किंवा चलान त्याच दिवशीचं निघालं तर तोच कागद कामाला येतो. मीटरवरचं किलोमीटर, गाडीसोबत दिलेल्या वस्तू, दोन्ही किल्ल्या, जॅक, स्टेपनी, आणि संस्थेचा शिक्का-सही. फोटो काढून ठेवा. पण हा कागद आरसीची जागा घेत नाही.

फास्टॅग विसरू नका. बहुतेक सगळे विसरतात. गाडी संस्थेची झाली, ड्रायव्हर पेशंटला घेऊन पुण्याला निघाला, आणि तासवडे आणि आनेवाडीच्या टोलला पैसे तुमच्या खात्यातून कट. ज्या बँकेचा टॅग आहे तिच्याकडून बंद करून घ्या, काचेवरचा स्टिकर खरवडून काढा, संस्था तिचा नवीन घेईल.

इन्शुरन्सचं असंय की ट्रान्सफर झाल्यावर १४ दिवसांच्या आत संस्थेनं कंपनीला कळवून पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यायची. तुमचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममधे मिळणारी सूट, मात्र तुमचा, तो गाडीबरोबर जात नाही, कंपनीकडून तसं लेटर घ्या आणि तीन वर्षांच्या आत नवीन गाडीला वापरा. ५० टक्क्यांपर्यंत बोनस साठलेला असतो आणि लोक तो फुकट सोडतात, त्यात वाचलेल्या पैशात संस्थेला एक बॅटरी घेऊन देता येईल.

टॅक्सच्या सवलतीबद्दल बराच गैरसमज आहे. अमेरिकेत गाडी दान केली की इन्कम टॅक्समधे सूट मिळते हे आपण नातेवाईकांकडून ऐकलेलं असतं, आपल्याकडे तसं नाही. ८० जी ची, म्हणजे देणगीवरची इन्कम टॅक्स सवलत फक्त पैशाच्या देणगीला, वस्तूच्या दानाला नाही. गाडीची किंमत दीड लाख दाखवून पावती देतो असं कोणी म्हणालं तर त्या पावतीचा उपयोग शून्य, आणि त्या संस्थेपासून चार हात लांबच राहा. सवलत पाहिजे असेल तर गाडी बाजारात विका आणि आलेले पैसे ऑनलाईन नाहीतर चेकनं संस्थेला द्या, कॅश २,००० च्या वर दिली तर सवलतीत बसत नाही, संस्थेला ८० जी ची मंजुरी पाहिजे, आणि तुम्ही नवीन टॅक्स पद्धत घेतली असेल तर ही सवलत मुळातच नाही. स्वतःच्या वापराची गाडी विकून आलेल्या पैशावर कॅपिटल गेन लागत नाही. धंद्यात दाखवलेली गाडी असेल तर सीएला विचारा.

आणि माझं स्पष्ट मत विचाराल तर दहापैकी बऱ्याच वेळा हाच रस्ता जास्त चांगला. ज्या संस्थेकडे एक गाडी आहे तिला दुसरी जुनी गाडी नको असते, तिला पहिल्या गाडीचे चार टायर पाहिजे असतात. तुमची २००९ ची अल्टो विकून जे येतील त्यात ते टायर आणि वर्षाचा इन्शुरन्स दोन्ही निघतं. गाडी देण्यात समाधान मोठं वाटतं, नारळ फोडून फोटो निघतो, टायरचा फोटो कोण काढत नाही, पण आश्रमातल्या माणसांना उपयोग कशाचा जास्त ते बघा.

अॅम्ब्युलन्स करा म्हणून गाडी देणारे पण भेटतात. ओम्नीवर लाल दिवा आणि सायरन लावला की अॅम्ब्युलन्स झाली असं नाही, त्याला ठरलेले नियम आहेत, गाडीत बदल करायला आरटीओची परवानगी लागते. तशीच गोष्ट शाळेची, पांढऱ्या नंबर प्लेटच्या गाडीतून भाडं घेऊन मुलं नेता येत नाहीत, स्कूल बसचे नियम वेगळे आहेत. त्यामुळे गाडी संस्थेच्या स्वतःच्या कामासाठी, तिच्याच माणसांना ने-आण करायला, एवढीच अपेक्षा ठेवा.

गाडी चालतच नसेल, पत्रा सडलाय, इंजिन जॅम आहे, तर ती भंगारात. पण रस्त्याकडेच्या भंगारवाल्याला नाही. तिथं गाडी तुटते पण आरसी तुमच्या नावावर जिवंत राहते, आणि तो चेसिस नंबर, ती नंबर प्लेट पुढे कुठल्या गाडीला लागेल याचा भरवसा नाही. २०२१ च्या नियमांप्रमाणे सरकारमान्य स्क्रॅप सेंटर असतात, त्यांची यादी परिवहनच्या वेबसाईटवर मिळते, तिथं दिली की सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट मिळतं, ते दाखवून नवीन गाडीच्या टॅक्समधे सूट आणि रजिस्ट्रेशन फी माफ. भंगाराचे जे पैसे येतील ते संस्थेला द्या, ते पण दानच आहे. एखाद्या आयटीआयला मोटर मेकॅनिकच्या पोरांना खोलून शिकायला गाडी द्यायची असेल तर ती कल्पना मला फार आवडते, फक्त आधी त्या प्राचार्यांशी बोला आणि आरसी रद्द करायचा अर्ज देऊन आरटीओकडून तसं लेखी हातात आल्यावरच गाडी सोडा.

सगळं झालं की महिन्याभरानं एमपरिवहन अॅपवर गाडीचा नंबर टाकून बघा. मालकाच्या जागी ट्रस्टचं नाव दिसलं पाहिजे, अॅप नावाची काहीच अक्षरं दाखवतं पण तेवढ्यावरून कळतं. स्क्रीनशॉट काढा, नवीन आरसीची झेरॉक्स, फॉर्म २९ ची पोच घेतलेली प्रत, डिलिव्हरीचा कागद आणि संस्थेची पावती एका फाईलला लावून ठेवा.

शेवटचं म्हणजे अटी घालू नका. गाडीवर वडिलांचं नाव लिहा, विकायची नाही, आमच्या घरी कार्य असलं की पाठवा, असलं काही नको. दोन वर्षांनी गाडी परवडेनाशी झाली तर संस्थेला ती विश्वस्तांचा ठराव करून, नियमाप्रमाणे विकता आली पाहिजे, आणि हे तुम्ही देतानाच लिहून दिलंत तर त्यांना तुमच्याकडे संकोचानं विचारायला यायला लागत नाही. त्यापेक्षा जमलं तर पहिल्या वर्षाचा इन्शुरन्स तुमच्याकडून भरा, आणि तुमचा नेहमीचा गॅरेजवाला ज्याला त्या गाडीची नस माहीत आहे त्याची आणि संस्थेच्या ड्रायव्हरची गाठ घालून द्या.